मॉरिशस : आईला घेऊन कोणता डोंगर चढावा?

सायली_प :
जुलैमध्ये आठ दिवस मॉरिशसला जातोय. मी, नवरा आणि माझी आई. आई ६२ वर्षांची आहे. रोज तास-दीड तास चालते, चढाचा तिला त्रास नाही, पण उतरताना उजवा गुडघा दुखतो. सगळीकडे ल मोर्न डोंगराचेच फोटो दिसतात. आम्हा तिघांना तो जमेल का? नाहीतर दुसरं काय करावं? किनाऱ्यावर नुसतं बसून राहायची आईची तयारी नाही, तिला बेट वरून बघायचंय.

वाटसरू :
नोकरीनिमित्त तीन वर्षं तिथे होतो, ल मोर्न चार वेळा केला. स्पष्टच सांगतो, आईंना वरपर्यंत नेऊ नका.

डोंगर ५५६ मीटरचा आहे, आकडा ऐकून काही वाटत नाही. पहिला अर्धा भाग रुंद कच्चा रस्ता आहे, चढ सावकाश, मधेच झाडी संपते आणि खाली लगूनचे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याचे, निळे-हिरवे पट्टे दिसायला लागतात. पुढे मात्र कातळ सुरू होतो आणि हातापायांनी चढावं लागतं. चढताना फार कळत नाही, खरा कस उतरताना लागतो. इतक्या लोकांच्या बुटांनी घासून तो बेसॉल्ट जागोजागी गुळगुळीत झालाय. चौथ्या खेपेला आदल्या रात्री सर येऊन गेली होती. उतरताना माझा पाय सटकला, बसल्या बसल्या दोन-तीन मीटर खाली गेलो आणि दोन्ही तळहात सोलवटले. माझे गुडघे धडधाकट होते, तरी ही गत.

अर्ध्यापर्यंत मात्र जरूर न्या. तसेही लोक वर जाऊन थांबतात ते तिथे उभ्या असलेल्या क्रूसापाशी, खरं शिखर त्याच्याही पुढे आहे.

आणि आईंना त्या डोंगराची गोष्ट सांगा. मळ्यांमधून पळालेले गुलाम याच कड्यांच्या आडोशाला लपून राहायचे. १ फेब्रुवारी १८३५ ला तिथली गुलामगिरी संपली. ते सांगायला शिपाई वर निघाले, तर हे आपल्याला धरायला आले असं वाटून लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तिथे पिढ्यान् पिढ्या सांगतात. २००८ पासून हा डोंगर जागतिक वारसास्थळ आहे. माझ्यासाठी तो फोटोंपेक्षा या गोष्टीसाठी मोठा आहे.

रानजाई :
वाटसरूंशी सहमत. सायली, आईंसाठी ब्लॅक रिव्हर पीक करा. ८२८ मीटर, म्हणजे देशातलं सर्वांत उंच शिखर. पण वाट सुरू होते तीच पठारावरच्या रस्त्यापासून, त्यामुळे अंगावरचा चढ थोडाच. बराच वेळ धारेवरून जवळजवळ सपाट चालायचं, फक्त शेवटची वीसेक मिनिटं खडी आहेत. तिथे झाडाच्या मुळ्या हाताशी येतात.

वाटेच्या दोन्ही बाजूंना चायनीज पेरूची गर्दी आहे, लाल छोट्या फळांची. दिसायला छान, पण हे झाड मूळचं ब्राझीलचं, आणि त्याने स्थानिक रान पार दडपून टाकलंय. त्या झुडपांत हात घालताना गांधीलमाश्यांचं पोळं नाही ना, ते बघा.

पावसाचं गणित नीट समजून घ्या. वारा आग्नेयेकडून येतो, ढग मधल्या पठारावर चढून रिते होतात आणि पश्चिम किनारा कोरडा राहतो. त्यामुळे हॉटेलबाहेर लख्ख ऊन आणि तासाभराच्या अंतरावर वर धो-धो पाऊस, हे नेहमीचंच. वरची लाल माती भिजली की बुटाला थरावर थर चिकटतात आणि पाय उचलवत नाही. असा दिवस आला तर ब्लॅक रिव्हर पीक दुसऱ्या दिवसावर ढकला आणि पश्चिमेला ल मोर्नचा अर्धा टप्पा करा.

निखिल_७९ :
ल पूस राहिलाच की! ८१२ मीटर. पूस म्हणजे अंगठा, आणि शेंडा दिसतोही तसाच. १८३६ मध्ये डार्विनही त्यावर चढला होता. पोर्ट लुईच्या बाजूने जाऊ नका, ती वाट अंगावर येते. पेती व्हेर्जेकडून उसाच्या शेतांतून जा. शेंड्याच्या खाली एक मोकळं पठार लागतं, आई तिथे थांबल्या तरी त्यांचं काही चुकत नाही. समोर पीटर बॉथ डोंगर आणि त्याच्या टोकावर ठेवल्यासारखा तो गोल धोंडा.

सायली_प :
सगळ्यांचे मनापासून आभार. आईला वाचून दाखवलं. अजून एक, सकाळी किती वाजता निघावं?

रानजाई :
सातला पायथ्याशी. तिकडे जुलै म्हणजे हिवाळा, पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश फार टिकत नाही. दुपारनंतर चढायला सुरुवात करूच नका. वारा जोराचा असतो, आईंसाठी विंडचीटर घ्या. आणि दोन काठ्या, एक नव्हे. उतारावर गुडघ्यावरचा भार त्यांनीच हलका होतो.

सायली_प :
कालच परत आलो. ब्लॅक रिव्हर पीक आईने पूर्ण केलं. शेवटच्या चढावर तिने काठ्या माझ्याकडे दिल्या आणि मुळ्या धरून माझ्याआधी वर पोचली. उतरताना पुन्हा काठ्या, दर दहा मिनिटांनी थांबा, गुडघा शाबूत राहिला. ल पूसला ती पठारावरच बसली. आम्ही शेंड्यावरून खाली बघितलं तर तिची पिवळी ओढणी वाऱ्यावर उडत होती आणि ती धोंड्याकडे तोंड करून बसली होती. तासाभराने खाली आलो तरी उठायला तयार नव्हती.