बारा गुणांच्या राज्यशास्त्रासाठी चिंतनवही?

नाशिकरोडच्या बाई: ‘दहावीच्या लेखी परीक्षेत राज्यशास्त्राला १२ गुण, तेवढ्यासाठी शिक्षकाने रोज चिंतनवही, म्हणजे आपला तास कसा झाला याचा विचार मांडणारी वही, लिहावी, हे बी.एड.चे खूळ आहे,’ असे काल एका निवृत्त मुख्याध्यापकांनी येथे लिहिले. ते वाचून राहवले नाही. नाशिक महापालिकेतील नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते. त्या काळात मी ‘दर पाच वर्षांनी निवडणूक’ शिकवत असताना एका मुलीने विचारले, ‘मग आमच्या प्रभागाला नगरसेवक का नाही?’ हे पोर्शनमध्ये नाही, असे सांगून मी तिला खाली बसवले. संध्याकाळी ते वहीत उतरवताना लाज वाटली. पुढच्या तुकडीला मी महापालिकांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७४ व्या घटनादुरुस्तीपासूनच सुरुवात केली आणि मुदत संपण्यापूर्वी व्हायची निवडणूक आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादात कशी अडकली, हे मुलांनाच शोधायला लावले. ‘चूक की बरोबर ते सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नात त्यांची कारणे आता पाठ केलेली नसतात.

निवृत्त मुख्याध्यापक: बाई, ‘आपल्या शब्दांत’ लिहिल्यामुळेच माझ्या नातीचे गुण गेले, कारण तपासनिसाला नमुना उत्तरातील मुद्दे हवे होते. शिवाय मी कैक वर्षे अशा वह्यांवर सह्या केल्या आहेत. ‘आजचा तास समाधानकारक झाला’ यापलीकडे त्यांत चिंतन आढळले नाही.

पंचवटीतील पालक: वही राहू द्या, गुण कोण कसे देते, ते बोला. माझा मुलगा २०१९ च्या दहावीच्या तुकडीतला. त्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्रांचे शाळेने द्यायचे अंतर्गत २० गुण काढले आणि राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. ते गुण परत मिळताच २०२० मध्ये तो ९५.३० टक्के झाला. यात कोणत्या शिक्षकाचे चिंतन होते?

नाशिकरोडच्या बाई: त्याच वर्षी दहावीचा अभ्यासक्रमही बदलला होता. सगळे खापर २० गुणांवर फोडता येणार नाही.

पंचवटीतील पालक: शिक्षकांना दर वेळी अभ्यासक्रमच बरा सापडतो! मुलगा महिनाभर घराबाहेर पडला नाही, ते तुमच्या वहीत कुठे लिहिणार?

सिडकोतील शिक्षक: आवाज चढवू नका. ते २० गुण आम्ही कसे देतो, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. वर्गातील शेवटच्या बाकावरच्या मुलालाही १७ मिळतात. त्यामुळे ते जाणे आणि परत येणे यावरून अध्यापनाची परीक्षा होत नाही. राहिला वहीचा प्रश्न: मतदारयादीच्या कामासाठी दारोदार फिरून आल्यावर मी ती केव्हा लिहावी?

नाशिकरोडच्या बाई: ‘निवडणूक प्रक्रिया’ शिकवताना तेच फिरणे वर्गात सांगा. मी ‘चळवळी’ या प्रकरणात काळाराम मंदिराचा १९३० चा सत्याग्रह आणि २०१८ साली नाशिकहून मुंबईला चालत गेलेला शेतकरी मोर्चा शेजारी ठेवते. हे शेजार वहीतच सुचले.

निवृत्त मुख्याध्यापक: ठीक आहे. वही ठेवा, फक्त ती कोणा मुख्याध्यापकाला तपासू देऊ नका; दुसऱ्या दिवसापासून सारे तास समाधानकारक होऊ लागतील. त्या मुलीला शेवटी उत्तर दिलेत का?

नाशिकरोडच्या बाई: नाही. वही उघडून तयारी करेपर्यंत ती दहावी होऊन गेली होती.