९८.८ टक्के की ८५? माणूस-चिंपांझी डीएनएच्या वादात मदत हवी आहे

मंडळी, उत्क्रांतीवरून एका मित्राशी वाद रंगलाय. मी ९८.८ टक्के साम्याचा आकडा दिला, तर त्याने २०२५ मधला 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातला पेपर काढला. सगळे फरक धरले तर साम्य ८५ टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे इतकी वर्षं थापाच, असं त्याचं म्हणणं.

मला समजलं ते असं. २००५ साली चिंपांझीच्या जीनोमचा (म्हणजे संपूर्ण डीएनएचा) मसुदा आला, तेव्हा जे भाग शेजारी ठेवून जुळवता आले त्यांतली डीएनएची बदललेली अक्षरं मोजली. ती १.२३ टक्के भरली. गळालेले-घुसलेले तुकडे त्या आकड्यात नव्हते, त्यांचा हिशेब वेगळा दिला होता. आता वानरांचे जीनोम टोकापासून टोकापर्यंत वाचले गेलेत, त्यामुळे जुळवायलाच अवघड असे पुनरावृत्तीचे भागही मोजणीत आले. अक्षरबदल मात्र अजून दीड टक्क्याच्याच आसपास. बरोबर ना?

खरी अडचण पुढे आहे. तो म्हणतो, टक्के कितीही असोत, एकाच कारागिराने तेच सुटे भाग वापरले. मी क जीवनसत्त्व तयार करायला लागणारं 'गुलो' जनुक पुढे केलं. ते आपल्यातही बंद, चिंपांझीतही बंद. चालणारा भाग पुन्हा वापरला हे समजू शकतो, बिघडलेला कशाला उचलायचा? त्यावर तो म्हणाला, "गिनीपिगमध्येही बंद आहे, मग तो तुझा चुलतभाऊ का?" (टोला झकास होता, हे कबूल.)

याला उत्तर काय द्यावं? आणि दुसरं गुणसूत्र (गुणसूत्र म्हणजे पेशीतली डीएनएची गुंडाळी) की रेट्रोव्हायरस (स्वतःची प्रत यजमानाच्या डीएनएत घुसवणारे विषाणू), कोणता मुद्दा जास्त पक्का? कृपया नुसत्या लिंका देऊ नका, मला तोंडी बोलायचंय.

प्रतिसाद:
जनुक बंद आहे एवढ्यावर थांबू नका, कुठे तुटलंय ते विचारा. गिनीपिगमधले गळालेले तुकडे वेगळे आहेत, तो स्वतंत्र बिघाड. आपला आणि चिंपांझीचा बिघाड सारखा आहे.

दुसऱ्या गुणसूत्रावर फार भर देऊ नका. दोन गुणसूत्रं जोडली जाऊन आपलं दुसरं गुणसूत्र झालं, म्हणून आपली ४६ आणि चिंपांझीची ४८, हे खरं. पण ती जोडणी आपल्याच शाखेत झाली, त्यामुळे "माणसं आधीही माणसंच होती" अशी पळवाट उरते. रेट्रोव्हायरस धरा. हे विषाणू जीनोममध्ये असंख्य ठिकाणी घुसू शकतात, तरी त्यांचे हजारो अवशेष दोघांत नेमके त्याच जागी आहेत. पूर्वज एक नसेल तर हे कसं, ते त्याला सांगू दे.