कारखान्यावर ड्रोन घिरट्या घालत असेल तर करायचं काय? जॅमर लावता येतो का?

रसायनीकर:
नमस्कार मंडळी. मी रायगडात एका केमिकल कंपनीत सेफ्टीला आहे. मागच्या आठवड्यात सेकंड शिफ्टला आमच्या टँक फार्मवर एक ड्रोन बराच वेळ फिरत होता, सिक्युरिटीवाले खालून बॅटरीचा झोत मारत राहिले आणि तेवढ्यात तो निघूनही गेला. कोणाचा, कशासाठी, काही पत्ता नाही. लग्नाच्या शूटिंगवाल्याचा असेल, जमीन मोजणीचा असेल, पण आमच्याकडे पटकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटचे टँक आहेत हो, झोप उडाली. आता मॅनेजमेंट म्हणतंय जॅमर घेऊन टाका. आणि मला दुसरं असं विचारायचंय की २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी आपल्या सैन्याने जुन्या तोफांनी ड्रोन पाडले असं सगळीकडे वाचलं, जॅमर असताना तोफा कशाला लागल्या? जाणकारांनी जरा समजावून सांगा.

लहरी_पुणे:
आधी महत्त्वाचं. जॅमर घेऊ नका. आपल्याकडे खाजगी कंपनीला जॅमर विकत घ्यायला आणि वापरायला परवानगीच नाही, टेलिकॉम खात्याने हे स्पष्ट सांगितलंय, सरकारी यंत्रणांना सुद्धा कॅबिनेट सचिवालयाच्या नियमातून जावं लागतं. ऑनलाइन दिसतो म्हणून तो कायदेशीर होत नाही.

आता तांत्रिक बाजू. जॅमर ड्रोनला पाडत नाही, तो ड्रोन आणि रिमोटमधला सिग्नल बुजवतो, साधारण २.४ नाहीतर ५.८ गिगाहर्ट्झवरचा, काही जॅमर जीपीएस पण बुजवतात. सिग्नल तुटला की बाजारातला ड्रोन सेटिंगप्रमाणे परत जातो, नाहीतर जागेवर थांबतो, नाहीतर खाली उतरतो. तुमच्याकडे खाली काय आहे, तर सॉल्व्हंटचा टँक. लिथियमची बॅटरी घेऊन तो टँकच्या डोक्यावर उतरला तर? शिवाय २.४ वर तुमचं वायफाय आणि वायरलेस ट्रान्समीटर पण असतील, ते पण बंद पडतील.

आणि ज्याला खरंच घात करायचाय तो रिमोटने उडवेलच असं नाही. रस्ता आधीच फीड करून सोडला तर बुजवायला रिमोटचा सिग्नलच नसतो. युक्रेनच्या युद्धात तर दोन्ही बाजू ऑप्टिकल फायबरची बारीक तार मागे सोडत जाणारे ड्रोन वापरतात, त्यांच्यावर जॅमरचा काही असर होत नाही.

तोफची_सातारा:
राम राम. मी आर्मी एअर डिफेन्समधून रिटायर झालो, तोफांबद्दल सांगतो. जाहीर झालंय तेवढंच बोलेन.

एल-७० ही ४० मिलिमीटरची, मूळ स्वीडनच्या बोफोर्सची, आपल्याकडे साठच्या दशकापासून. पण जुनी म्हणून कमी समजू नका, भारत इलेक्ट्रॉनिक्सने तिच्यावर नवे कॅमेरे, थर्मल, ऑटोमॅटिक ट्रॅकिंग बसवलंय. तिच्या जोडीला झेडयू-२३ आणि शिल्का या विमानविरोधी तोफा. ८ मेच्या रात्री लेहपासून सर क्रीकपर्यंत ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन आले असं सरकारने सांगितलं, आणि हेतू काय तर आपली एअर डिफेन्स कशी काम करते ते बघणं. म्हणजे समोरचा स्वस्तातला माल पाठवून तुमचं महागडं क्षेपणास्त्र खर्च करायला लावतो आणि रडार कुठून चालू झालं ते टिपून घेतो. तिथे तोफेचा गोळाच परवडतो. आकाशतीर यंत्रणेमुळे सगळ्या रडारचं चित्र एकत्र दिसत होतं म्हणून कोणी कुठला ड्रोन घ्यायचा ते ठरवता आलं, माझ्या मते खरं काम तिथे झालं.

पण दादा, वर उडवलेलं सगळं खाली येतं. तेव्हाच फिरोजपूर जिल्ह्यात एका घरावर ड्रोन कोसळून घरातली माणसं भाजली. कारखान्याच्या डोक्यावर कोणी तोफ चालवणार नाही.

नागपुरी_संत्रं:
आमच्या नागपूरच्या सोलर डिफेन्सने भार्गवास्त्र बनवलंय, १३ मे २०२५ ला ओडिशात गोपाळपूरला चाचणी झाली, छोटे छोटे रॉकेट एकदम सोडून अडीच किलोमीटरपर्यंतचे ड्रोन पाडतं. असं काहीतरी रिफायनऱ्यांना का देत नाहीत? जम्मूच्या हवाई दलाच्या तळावर २७ जून २०२१ ला दोन स्फोटकं ड्रोनने टाकली, दोन जवान जखमी झाले. तिथे होऊ शकतं तर मुंबईजवळ का नाही?

तोफची_सातारा:
@नागपुरी_संत्रं मोठ्या रिफायनरीला, अणुकेंद्राला द्यावंच, पण सरकारी दलाच्या हातात. तो ड्रोन शत्रूचा की शेतावर फवारणी करणाऱ्या पोराचा हे काही सेकंदात ठरवायचं असतं, त्याला ट्रेनिंग लागतं आणि जबाबदारी घेणारा अधिकारी लागतो.

क्रॉलीचा_मराठी:
मी लंडनच्या गॅटविक विमानतळाजवळ राहतो. २०१८ च्या डिसेंबरात ड्रोन दिसल्याच्या तक्रारींमुळे नाताळच्या तोंडावर हा विमानतळ बंद पडला, हजारच्या आसपास फ्लाइट्स आणि सुमारे १ लाख ४० हजार प्रवासी अडकले. शेवटपर्यंत कोण उडवत होतं ते सापडलं नाही, ज्या जोडप्याला पकडलं ते निर्दोष निघालं. ड्रोन पाडणं पुढची गोष्ट, वर नक्की काय आहे हे ठामपणे सांगणारी यंत्रणाच तेव्हा नव्हती. म्हणून फोटो, वेळ, दिशा लिहून ठेवा, नाहीतर पोलिसांना देणार काय?

रसायनीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. जॅमरचा विषय मी उद्याच मीटिंगमध्ये बंद करतो. पण मग आमच्या हातात उरतं काय?

लहरी_पुणे:
भरपूर आहे. डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर तुमची जागा कुठल्या झोनमध्ये येते ते बघा. ग्रीन असेल तर उडवणाऱ्याला परवानगी लागतच नाही, म्हणून एसपी ऑफिसला लेखी द्या. २०२१ च्या ड्रोन नियमांत पोलिसांना जास्तीत जास्त ९६ तासांसाठी तात्पुरता रेड झोन, म्हणजे ड्रोनबंदीचा भाग, करता येतो, शटडाऊन किंवा मोठा माल उतरवायचा असेल तेव्हा उपयोगी पडेल. पैसे असतील तर रेडिओ सिग्नल नुसतं ऐकणारा आरएफ सेन्सर बघा, तो काही सोडत नाही, फक्त ड्रोन आणि बऱ्याचदा उडवणारा कुठल्या दिशेला आहे ते सांगतो. पण घेण्याआधी परवानगीचं लेखी विचारून घ्या. आणि सिग्नल न सोडता मुका येणारा ड्रोन त्याला सापडत नाही, त्याला रडार किंवा कॅमेरा लागतो.

तोफची_सातारा:
आणि आडोसा मजबूत करा. सौदीत अबकैकच्या तेल प्रकल्पावर २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ड्रोन आणि क्रूझ मिसाइलनी हल्ला झाला, एअर डिफेन्स असून देशाचं निम्मं तेल उत्पादन काही दिवस बंद पडलं. युक्रेनवाले आता ट्रान्सफॉर्मरभोवती दगड भरलेल्या तारेच्या जाळ्या आणि काँक्रीट उभं करतात. तुमची कंट्रोल रूम, फायर पंप आणि डिझेल जनरेटर एकाच कोपऱ्यात असतील तर आधी ते बघा.

फायरवाला_तारापूर:
रसायनीकर साहेब, टँकवर जाळी टाकायचा विचार कोणी काढला तर एक लक्षात ठेवा, व्हेंटचा फ्लेम अरेस्टर, म्हणजे ज्वाळा टँकमध्ये जाऊ न देणारा भाग, झाकायचा नाही आणि फोम मॉनिटरच्या, म्हणजे आग विझवायला फेस मारणाऱ्या नळीच्या, माऱ्याच्या आड जाळी येऊ द्यायची नाही. आधी तुमच्या फायरवाल्याला सोबत घेऊन टँकभोवती चक्कर मारा, मग ड्रॉइंग काढा.