मदत हवी आहे: ‘इजेक्ट’ला मराठीत काय लिहायचं?

४ जून २०२४ ला निफाड तालुक्यात शिरसगावजवळ सुखोई-३० एमकेआय हे लढाऊ विमान कोसळलं, दोन्ही वैमानिक इजेक्ट होऊन वाचले. अशा वेळी बातमीत हमखास ‘पॅराशूटने उडी मारली’ येतं. उडी कसली? पायांमधलं हँडल ओढलं की कॅनॉपी (कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण) उडते, रॉकेट वैमानिकाला सीटसकट वर फेकतं, सीट सुटते, मग पॅराशूट उघडतं. सगळं काही सेकंदांत. त्या धक्क्याने मणका फ्रॅक्चर होऊ शकतो, म्हणून तपासणीआधी ‘सुखरूप’ लिहिणंही घाईचंच.

‘उत्क्षेपण’ म्हटलं तर वाचकाला इस्रो आठवतं. ‘सीटसह बाहेर फेकले गेले’ चालेल का? पण त्यात हँडल वैमानिकानेच ओढलं, हे हरवतं. शिवाय सीटमध्ये न उडालेली स्फोटक काडतुसं असू शकतात, बघ्यांनी हात लावू नये, ही ओळ बातमीत कुठे बसवाल?