२२ वर्षांची सिगारेट, गोळ्या-पॅचशिवाय सोडायची आहे. पहिला आठवडा कसा आखावा?

अंबड_लिंकरोड:
नमस्कार मंडळी. वय ४६, सिगारेट २२ वर्षं, सध्या रोज १४-१५. सकाळची पहिली उठल्यावर वीस मिनिटांत, चहाबरोबर. दिवसाला सहा चहा होतात. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत काम, शिफ्ट दर आठवड्याला बदलते, सुट्टी शनिवारी. बीपी आणि शुगर नॉर्मल आहे. तीनदा सोडून झाली, तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी परत सुरू.

गोळ्या, पॅच, निकोटिनचं च्युइंगगम यातलं काही घ्यायचं नाही. हळूहळू कमी करू की एकदम बंद? सुरुवात कोणत्या वारी करावी? नाइटला पहाटे तीन-चारच्या सुमारास काय करायचं? "मन घट्ट करा" हे सगळे सांगतात, त्यापुढचं कुणी नीट सांगितलं तर फार मदत होईल.

गोदाकाठ:
आधी व्यसन किती खोल आहे ते मोजा. उठल्यावर पहिली सिगारेट ५ मिनिटांच्या आत असेल तर ३ गुण, ६ ते ३० मिनिटांत २, तासाभरात १, त्यानंतर शून्य. दिवसाला १० पर्यंत शून्य, ११ ते २० ला १, २१ ते ३० ला २, त्याच्यावर ३. तुमचे झाले ६ पैकी ३, म्हणजे मध्यम. ५ किंवा ६ आले असते तर औषध नको हा हट्ट सोडा असं आधीच सांगितलं असतं.

आता चौथ्या-पाचव्या दिवसाचं. रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं आणि तीन दिवसांत जवळपास सगळं निघून जातं. चिडचिड, बेचैनी, लक्ष न लागणं हा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला जातो, मग उतरत उतरत दोन ते चार आठवड्यांत संपतो. म्हणजे तिन्ही वेळा तुम्ही घाट चढून गेलात आणि उतारावर घसरलात. त्या टप्प्यावर निकोटिनपेक्षा जागा आणि वेळ जास्त ओढतात. टपरी, जेवणानंतरची दहा मिनिटं, गेटबाहेर उभा असलेला ग्रुप. म्हणून तयारी मनाची कमी आणि जागांची जास्त करायची.

सोडण्याआधी चार दिवस प्रत्येक सिगारेट पेटवताना पाकिटावरच पेनाने वेळ आणि जागा लिहा. १५ सिगारेटी म्हणजे १५ वेगळ्या सवयी नसतात, बहुतेकांच्या पाच-सहाच निघतात: चहाची, संडासची, गाडीला किक मारण्याआधीची, जेवणानंतरची, झोपण्याआधीची. प्रत्येकीच्या जागी काय करायचं ते आधी ठरवून ठेवा. जेवण झालं की लगेच उठून चूळ भरा किंवा दात घासा. घरी जाताना ज्या टपरीवर गाडी आपोआप थांबते, तो रस्ता तीन आठवडे बदला, दोन किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. आदल्या रात्री पाकिटं, लायटर, ॲशट्रे, डिकीतलं इमर्जन्सीचं एक पाकीट, सगळं घराबाहेर काढा. जॅकेट आणि हेल्मेटचं अस्तर धुऊन टाका, त्या वासानेही तलफ येते.

वार म्हणाल तर रविवार, फर्स्ट शिफ्टचा आठवडा. शनिवारी सुट्टीच्या दिवशी सुरू करू नका. रविवारी सुरू केलं तर सोमवार-मंगळवारचा सर्वांत जड काळ शॉपफ्लोअरवर जातो, जिथे तसंही ओढता येत नाही. मग शनिवार येतो सातव्या दिवशी, आणि तो दिवस मोकळा ठेवलात तर धोका आहे. कुठलीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच परत ओढतात. त्या शनिवारची सकाळ आधीच बुक करून टाका: पांडवलेणी चढा, सोमेश्वरला जा, घरच्यांना घेऊन त्र्यंबकला जा. त्या दिवशी दारूची बैठक अजिबात नको. पहिला महिना दारू पूर्ण बंद ठेवलीत तर उत्तम, कारण दोन पेगनंतर ठरवलेलं काहीच शिल्लक राहत नाही.

चहा_अर्धा:
गोदाकाठ यांनी चहा जागेच्या अंगाने सांगितला, त्याचं दुसरं अंगही आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात. (ते काम निकोटिनचं नाही, जळण्यातून तयार होणाऱ्या घटकांचं.) याच एन्झाइममुळे कॅफीन लवकर मोडतं. सिगारेट बंद झाली की हा वेग आठवड्याभरात खाली येतो आणि तेवढ्याच चहातून रक्तात राहणारं कॅफीन जवळपास दुपटीपर्यंत जाऊ शकतं. हात थरथरणं, छातीत धडधड, रात्री डोळा न लागणं हे सगळं माणूस "सिगारेट सोडल्याचा त्रास" समजतो आणि एक पेटवतो. त्यातला बराच भाग सहा चहांचा असतो.

म्हणून पहिल्याच दिवसापासून सहाचे तीन करा, तेही कटिंग, आणि शेवटचा झोपायच्या सहा-सात तास आधी. एकदम शून्यावर आणू नका, डोकं दुखेल आणि दोन लढाया एकाच वेळी होतील. जागा बदला, कपही बदला: टपरीच्या ग्लासऐवजी कँटीनमध्ये बसून, चार लोकांत. मधल्या वेळी ताक किंवा लिंबूपाणी.

हेच एन्झाइम काही औषधंही मोडतं. दम्याचं थिओफिलिन, मानसिक आजाराचं क्लोझापिन किंवा ओलान्झापिन चालू असेल तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, डोस कमी करावा लागू शकतो. इन्सुलिनवाल्यांनीही शुगर वारंवार तपासावी. प्रश्न विचारणाऱ्यांना हे लागू नाही, पण धागा इतर लोकही वाचतील.

सिन्नर_फाटा:
हळूहळू की एकदम, यावर एकदम. ब्रिटनमध्ये ६९७ जणांवर झालेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९ टक्के चार आठवड्यांनंतर टिकून होते, दोन आठवडे कमी करत सोडणाऱ्यांपैकी ३९ टक्के. सहा महिन्यांनी २२ विरुद्ध साडेपंधरा. दोन्ही गटांना निकोटिनचे पॅच वगैरे दिलेले होते, त्यामुळे आकडे जसेच्या तसे तुम्हाला लावू नका. कल मात्र स्पष्ट आहे.

कमी करण्यात बिनसतं कुठे? १५ वरून ५ वर आलेला माणूस त्या पाचातून जास्त निकोटिन ओढतो. झुरके खोल, धूर जास्त वेळ आत, थोटूक बोटाला चटका बसेपर्यंत. शिवाय उरलेल्या पाच म्हणजे सर्वांत लाडक्या पाच, त्यांची किंमत मनात वाढतच जाते. "लाइट" सिगारेटवर गेलं तरी हेच होतं.

एक आकडा कटू आहे पण लपवणं बरोबर नाही. औषध नाही, समुपदेशन नाही, अशा एका प्रयत्नात सहा महिने ते वर्ष टिकणारे शंभरात ३ ते ५. औषध नको हे मान्य, पण बोलणं तरी नाकारू नका. राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६, फोन मोफत आहे. नंबर सिगारेटच्या पाकिटावर छापलेलाच असतो. पहिला फोन सोडायच्या दोन-तीन दिवस आधी करा, तलफेने हैराण झाल्यावर नको.

अंबड_लिंकरोड:
मनापासून आभार. रविवार नक्की केला. चहाचं खरंच माहीत नव्हतं. दोन गोष्टी राहिल्या. नाइटचं काय, आणि संडास? सिगारेटशिवाय पोट साफच होत नाही, मागच्या वेळी त्यावरूनच परत सुरू झाली.

गोदाकाठ:
पोटाचं आधी. निकोटिन आतड्याची हालचाल वाढवतं, ते काढलं की बद्धकोष्ठ होणं साहजिक आहे. बहुतेकांचं दोन-चार आठवड्यांत आपोआप रुळावर येतं. उठल्याबरोबर दोन ग्लास कोमट पाणी, मग दहा मिनिटं चालणं, आणि रोज ठरलेल्या वेळीच बसायचं, लागो न लागो. रात्री एक-दोन चमचे इसबगोल, पण पूर्ण ग्लासभर पाण्याबरोबर आणि त्यावर आणखी पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोलच आत घट्ट होतं आणि त्रास वाढतो. पेरू आणि पपई रोजच्या खाण्यात आणा. हे सोडल्याच्या दिवशी नाही, चार दिवस आधी सुरू करा.

नाइट. फर्स्टच्या आठवड्यात सुरुवात केलीत की नाइट येईपर्यंत आठ-दहा दिवस तरी गाठीशी असतील. पहाटे तीनला जी वाटते ती बरेचदा झोप असते. आतापर्यंत निकोटिनने ती ढकलली, म्हणून मेंदू दोन्हीला एकच समजतो. तोंडावर गार पाणी मारा, उजेडाच्या जागी जा, पाच-दहा मिनिटं झपाझप चाला. थोडा वेळ झपाझप चाललं की तलफ उतरते, हे अभ्यासांतही दिसलं आहे. डब्यात मूठभर फुटाणे आणि गाजर-काकडीच्या फोडी ठेवा. तीननंतर चहा नको, नाहीतर सकाळी घरी जाऊन झोप येणार नाही आणि दुसरी नाइट याहून वाईट जाईल.

तलफ तीन ते पाच मिनिटं टिकते. घड्याळ लावून बघा. तेवढ्या वेळात नाकाने चार मोजून श्वास आत, ओठ अर्धवट मिटून आठ मोजून बाहेर, असं दहा वेळा. झुरका घेतानाचा लांब श्वासच हा, फक्त धुराशिवाय.

दातांची_काळजी:
तोंडात काय ठेवायचं यावर कुणी लिहिलं नाही, आणि आपल्याकडे माणूस नेमका इथेच फसतो. सिगारेट सुटते आणि तंबाखू-चुना हातात येतो, नाहीतर मशेरी, नाहीतर "साधी सुपारी". तंबाखूत निकोटिन तेच आहे. सुपारीत तंबाखू नसला तरी सुपारी स्वतःच कॅन्सरकारक आहे, तोंड उघडणं कमी होत जातं ते बहुधा तिच्यामुळेच. हर्बल सिगारेटमध्येही डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड असतंच. ई-सिगारेटवर तर २०१९ पासून देशभर बंदी आहे.

बडीशेप, धणाडाळ, लवंग, दालचिनीचा तुकडा चालेल. ज्येष्ठमध रोज चघळू नका, त्याने बीपी वाढतं.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तोंडात छाले येतात, ते बहुधा आपोआप बरे होतात. एखादी जखम तीन आठवड्यांत भरली नाही, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला तर डेंटिस्टकडे जा.

खोकला वाढला म्हणून घाबरू नका. श्वासनलिकेतले केस धुराने मंदावलेले असतात, ते परत काम करू लागले की साठलेला कफ वर ढकलतात. पण कफात रक्त, वजन उतरणं, संध्याकाळचा ताप असेल, किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला, तर सिव्हिलला थुंकी तपासून घ्या. दर खेपेला सिगारेटवर ढकलून चालत नाही.

सिन्नर_फाटा:
वजनाबद्दल एक. वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, त्यातलं बरंचसं पहिल्या तीन महिन्यांत. निकोटिन भूक मारतं, म्हणून. पहिल्या महिन्यात डाएट करू नका, उपाशी माणसाची तलफ वाढते. फरसाण घरात आणू नका आणि संध्याकाळी अर्धा तास चाला, एवढं पुरे.

आणि एखादी ओढली गेलीच तर "आता सगळं गेलंच" म्हणून पाकीट संपवू नका. उरलेल्या सिगारेटी पाण्यात बुडवा, वेळ आणि जागा लिहून ठेवा, दिवसांची मोजणी पुढे चालू ठेवा. सुट्या सिगारेटची विक्री राज्यात २०२० पासून बंद आहे, तरी मागणाऱ्याला एक मिळतेच. ती एक मागायची ओढ कुठल्या टपरीपाशी होते, ते यादीत सर्वांत वर लिहा आणि पुढच्या शनिवारी त्या बाजूला जाऊच नका.