गिरणीच्या गावचे अनुभव: अमळनेर आणि आसपास

अमळनेर म्हटलं की बाहेरच्यांना विप्रो आठवते. १९४५ साली ती इथेच वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. पण त्याआधीपासून गावाचा दिवस प्रताप मिलच्या भोंग्यावर चालायचा. कापूस खानदेशचाच, आणि तापी व्हॅली रेल्वेने सुरत जोडलेलं. मिल काढणाऱ्या प्रतापशेठजींनीच १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था, उभारलं. सूत आणि वेदान्त एकाच घरच्या पैशावर चालले. तुमच्या घरात कोणी गिरणीत, जिनात (कापसातून सरकी वेगळी काढण्याच्या कारखान्यात), तेलाच्या कारखान्यात होतं का? नेमकं काम काय होतं ते आधी लिहा.

—
वडील साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात. धागा तुटला की माग थांबवायचा, टोकं जोडायची, पुन्हा चालू. खडखडाटात शब्द ऐकू येत नसे, म्हणून सगळे ओठांवरून बोलणं ओळखत. घरीही ते मोठ्यानेच बोलायचे. सूत कोरडं पडून तुटू नये म्हणून खात्यात हवा दमट ठेवत. खानदेशातल्या मे महिन्यात आत काय होत असेल! आई पहाटे हाक मारायची, "ऊठ रे पोऱ्या, भोंगा वाजना!" म्हणजे भोंगा वाजला.

—
आमची आजी धरणगावला जिनात. बायका कपाशीतली पत्ती, कवडी वेचायच्या, मग कापूस रेच्यात. रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. काम दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतच, पुढे शेतमजुरी. कायम कामगार म्हणून तिचं नाव कधीच लागलं नाही. औद्योगिक वारशाच्या गप्पा होतात तेव्हा गिरण्या येतात, शेठ येतात, या बाया येत नाहीत. मला राग येतो.

—
तेलाच्या कारखान्याबद्दल थोडं. तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होतं, तोच डालडासारखा डबा, इथला 'सनफ्लॉवर'. सोबत ७८७ साबण. ज्यांनी विप्रोचे जुने शेअर विकले नाहीत त्यांच्या मुलांची शिक्षणं त्यावर झाली. आमच्याकडे शेअर नव्हते, पण रिकाम्या डब्यात आई ज्वारी भरायची.

—
चाळीसगावच्या लक्ष्मीनारायण मिलमध्ये काका बदली कामगार होते. रोज फाटकाशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असला तरच आत. काम नाही मिळालं तर सरळ घरी येत नसत.

—
सगळे वाचतोय. रंगखातं आणि बॉयलरबद्दल अजून कोणीच लिहिलेलं नाही. त्या कामातले आजोबा, काका हयात असतील तर याच आठवड्यात त्यांच्यापाशी बसा, पाळी कशी लागायची, हाताला काय व्हायचं, सगळं विचारा आणि इथे लिहा.