मदत हवी आहे: स्लोव्हेनियातली इद्रियाची पाऱ्याची खाण आईला झेपेल का?

सप्टेंबरात आईसोबत ल्युब्ल्यानात चार दिवस आहे. गाडी नाही, बस-रेल्वेनेच फिरणार. आईचं वय ७०; सपाटीवर तासभर चालते, पण गुडघ्यांमुळे जिने नकोत. म्हणून श्कोत्सियान गुहा (शेकडो पायऱ्या!) सोडून पोस्तोयना ठरवली, तिथे गुहेत छोटी रेल्वे आहे. ब्लेडचं तळंही पक्कं.

अडलंय इद्रियावर. १४९० मध्ये तिथे पारा सापडला आणि जवळपास पाचशे वर्षं खाण चालली. २०१२ पासून स्पेनमधल्या अल्मादेन या पाऱ्याच्या खाणीच्या गावासोबत जागतिक वारसा यादीत आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे हे गाव सोडवत नाही. रेल्वे तिथे जात नाही, बसने दिवसात परत यायचंय.

खाणीच्या अंतोनी बोगद्यात सलग चढ-उतार किती, मध्ये बसायला मिळतं का? की आईने किल्ल्यातलं संग्रहालय बघत थांबावं?